पेटी आपली, गिऱ्हाईकही आपले : घरबसल्या मागणी घेण्याची रीत

एप्रिलची संध्याकाळ. खळ्यात आंबा पसरला आहे, गडी प्रतवारी करताहेत, पेंढा अंथरून पेट्या भरताहेत. तेवढ्यात बागायतदाराचा फोन वाजतो. "आमची पेटी निघाली का हो?" कोण बोलतंय ते कळत नाही. वहीत 'जोशी, ठाणे' दोनदा लिहिलेले आहे. एकाने पैसे भरलेत, पण बँकेच्या निरोपात नाव त्याच्या सुनेचे दिसते. दुसऱ्याने कच्चा माल मागितला होता की तयार, ते व्हॉट्सॲपवर खूप वर कुठेतरी गेले. रात्री ट्रक सुटतो आणि तिसऱ्या दिवशी कळते, की डोंबिवलीची पेटी ठाण्याला गेली आणि ठाण्याचे गिऱ्हाईक रागावून बसले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचे असेल. यात आंब्याचा दोष नाही, गड्याचाही नाही. दोष आहे तो मागणी घेण्याच्या रीतीचा. दहा पेट्यांपर्यंत ती डोक्यात राहते, वीस-पंचवीसपर्यंत वहीत मावते. शंभरीच्या पुढे गेली की कोलमडते. म्हणून आज 'ऑनलाइन ऑर्डर' या प्रकाराचा नीट विचार करू. त्यात काय असते, ते आपल्या मालाप्रमाणे कसे बसवायचे, पैसे कसे घ्यायचे आणि फसगत कुठे होते, हे एकेक करून पाहू.

पट्टीपासून पत्त्यापर्यंत

आजवरचा रिवाज आपल्याला ठाऊक आहे. पेट्या वाशीला रवाना करायच्या आणि पट्टीची वाट बघायची. पट्टी हातात येईपर्यंत भाव कळत नाही आणि आपला आंबा कोणी खाल्ला हे तर कधीच कळत नाही. दुसऱ्या बाजूने चाकरमान्यांमार्फत थोडा माल थेट जायचा. मुंबईचा पाहुणा पत्र टाकायचा आणि एसटीच्या टपावरून पेटी जायची. म्हणजे थेट विक्री आपल्याला नवी नाही. ती ओळखीच्या माणसांपुरती होती, इतकेच.

गेल्या काही वर्षांत तीन गोष्टी बदलल्या. राज्य सरकारने २०१६ च्या जुलैमध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी मोबाइलवरून पैसे पाठवण्याची यूपीआय पद्धत सुरू झाली. २०१८ मध्ये 'हापूस' या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. पुढे २०२० च्या टाळेबंदीत बाजार अडले, तेव्हा अनेक बागायतदारांनी फोन आणि व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात माल उतरवला. वाट तेव्हाच पडली. आता ती नीट बांधायची आहे.

मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. पेटी वाशीला गेली की आपली जबाबदारी बरीचशी संपते. थेट गिऱ्हाईकाला दिली की भाव आपला, तशी जबाबदारीही आपली. एक आंबा नासका निघाला तरी फोन आपल्यालाच येणार. हे झेपणार असेल तरच पुढे चला, आणि पहिल्या वर्षी सगळी बाग या कामाला लावू नका. चौथा हिस्सा पुष्कळ झाला.

आधी कागदावर बसवा

पुष्कळ जण इथेच चुकतात. कोणीतरी संगणकवाला गाठतात, त्याला पैसे देतात आणि म्हणतात, "एक वेबसाइट काढून दे." तो बिचारा कपडे विकायच्या दुकानाचा साचा आणून देतो. त्यात 'रंग' आणि 'माप' असे रकाने असतात. आपल्या आंब्याला ते काय कामाचे?

म्हणून संगणकाकडे जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. गिऱ्हाईकाचा फोन आला की तुम्ही त्याला कोणते प्रश्न विचारता, ते क्रमाने लिहा. तोच तुमच्या ऑर्डरच्या पानाचा साचा. आंब्यापुरते बोलायचे तर प्रश्न साधारण असे निघतील :

जात कोणती : हापूस की पायरी?

फळाचे वजन : दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम, सव्वादोनशे ते अडीचशे, अडीचशे ते पावणेतीनशे, की त्याहून मोठे?

किती डझन : दोन, चार की पाच?

तयारी : कच्चा हवा की अर्धा पिकलेला?

कधी हवा आणि कुठे हवा?

कोणाला भेट पाठवायची आहे का? असल्यास पेटीवर कोणाचे नाव घालायचे?

आता या प्रत्येक प्रश्नापुढे ठरवा, की गिऱ्हाईकाला किती मोकळीक द्यायची. सगळेच त्याच्या मर्जीवर सोडले तर आपण मरतो. सात डझन कोणी मागितले तर सात डझनांचे खोके आहे का आपल्याकडे? नसेल तर 'किती डझन' हा रकाना मोकळा ठेवू नका. आपल्याकडे खोकी आहेत तेवढेच आकडे द्या आणि त्यांतला एक निवडायला सांगा.

तारखेचेही तेच. "बारा तारखेलाच हवा" हे आंब्याला कळत नाही. उन्हाची तिरीप वाढली की तयार होतो, मळभ आले की रेंगाळतो. म्हणून नेमकी तारीख देऊ नका. 'एप्रिलचा दुसरा आठवडा', 'तिसरा आठवडा' असे पर्याय ठेवा. अक्षय्य तृतीयेसारख्या सणाला मागणी एकदम चढते, तेव्हा त्या आठवड्याच्या पेट्यांचा आकडा वेगळा बांधून ठेवा.

तयारीचा प्रश्न तर पत्त्यावर अवलंबून आहे. मुंबईची गाडी रात्रीत पोचते, तिथे अर्धा पिकलेला माल चालतो. दिल्ली-बंगळूरला कुरिअरने दोन-चार दिवस लागले तर तोच आंबा वाटेत मऊ पडेल. म्हणून लांबच्या पत्त्याला 'कच्चा' हा एकच पर्याय दिसावा, अशी सोय करून घ्या. सोबत एक चिठ्ठी घाला : पेटी आल्याबरोबर उघडा, फळे पेंढ्यात एकेरी लावून ठेवा, फ्रिजमध्ये घालू नका. शहरातल्या नव्या पिढीला अढी म्हणजे काय ते ठाऊक नसते.

झाडावर आहे तेवढेच विका

कारखान्यात माल संपला की रात्रपाळी लावता येते. कलमाला रात्रपाळी नसते. मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, थ्रिप्स पडते, अवकाळी पाऊस एका रात्रीत हिशोब बदलतो. त्यामुळे ऑर्डरच्या पानावर शिल्लक मालाचा आकडा असलाच पाहिजे.

रीत अशी ठेवा. दर रविवारी बागेत फिरून अंदाज घ्या, की पुढच्या आठवड्यात चौदा आणे तयारीचा माल किती निघेल. त्यातला साका, डागी आणि बारीक माल वजा करा. उरेल त्याच्याही तीन-चतुर्थांश एवढाच आकडा विक्रीला लावा. वजनगटाप्रमाणे वेगवेगळा लावा. तेवढ्या पेट्या नोंदल्या गेल्या की त्या आठवड्याची नोंदणी आपोआप बंद व्हायला हवी. ही सोय बहुतेक तयार दुकानांत असते, फक्त ती चालू करून घ्यावी लागते.

ही एक गोष्ट केली नाही तर काय होते? रात्री झोपलेले असताना साठ पेट्यांचे पैसे खात्यावर जमा होतात आणि बागेत माल चाळीस पेट्यांचा. मग वीस जणांची मनधरणी करायची, पैसे परत करायचे आणि नाव घालवून बसायचे. घेतलेले पैसे परत करण्यापेक्षा "या आठवड्याची नोंदणी संपली" हे चार शब्द परवडले.

चेकआउट म्हणजे काय?

गिऱ्हाईकाने माल निवडला, टोपलीत टाकला. तिथपासून पैसे भरून पावती मिळेपर्यंतचा जो प्रवास, त्याला 'चेकआउट' म्हणतात. दुकानातला गल्लाच म्हणा ना. आणि पुष्कळ गिऱ्हाइके गल्ल्यापर्यंत येऊन माघारी फिरतात. कशामुळे? रांग लांब, प्रश्न फार आणि शेवटी बिलात न सांगितलेली रक्कम.

म्हणून या भागात तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, पिनकोड सगळ्यात आधी विचारा. पिनकोडची सहा आकडी पद्धत टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू केली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित. त्यांची ती योजना आज आपल्या आंब्याच्या कामी येते. पहिल्या तीन आकड्यांवरून भाग कळतो : ४०० म्हणजे मुंबई, ४११ पुणे, ४४० नागपूर. या तीन आकड्यांप्रमाणे पोचवण्याचा खर्च ठरवून ठेवता येतो. जिथे आपण माल पोचवू शकत नाही तिथल्या माणसाला पहिल्याच पायरीवर तसे कळावे. सगळा पत्ता लिहून, पैसे भरायच्या वेळी "तुमच्या भागात सेवा नाही" असे वाचले की कोणालाही संताप येईल.

दुसरी, संपूर्ण रक्कम पैसे भरण्याच्या आधी दिसावी. आंब्याचे इतके, खोक्याचे इतके, पोचवण्याचे इतके, एकूण इतके. शेवटच्या पायरीवर गुपचूप काही वाढवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, "फक्त दोनच पेट्या शिल्लक" अशी खोटी घाई दाखवणे, हे प्रकार केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फसवणुकीत मोडतात. गिऱ्हाईकाच्या वतीने आधीच खूण केलेली चौकटही चालत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसे स्पष्ट आहे. होकार त्याने स्वतः द्यायचा.

तिसरी, लागेल तेवढेच विचारा. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर, बस्स. पाहिजे तर जवळची खूण विचारा, कुरिअरवाल्याला ती पत्त्यापेक्षा उपयोगी पडते. जन्मतारीख आणि आधार कशाला? खाते उघडण्याची आणि पासवर्ड ठरवण्याची सक्ती तर मुळीच नको. पाच डझन आंबे घ्यायला आलेल्या आजोबांना पासवर्ड कुठे सुचणार? पान मराठीत ठेवा, शेजारी इंग्रजीही असू द्या. अक्षर मोठे ठेवा. आणि मुख्य म्हणजे ते साध्या मोबाइलवर उघडून पाहा, कारण बहुतेक गिऱ्हाइके मोबाइलवरूनच येतील.

पैसे भरून झाले की लगेच त्याला निरोप गेला पाहिजे : ऑर्डर क्रमांक, काय मागवले, कोणत्या आठवड्यात निघेल. पेटी निघाली की दुसरा निरोप. या दोन निरोपांनी तुमचे निम्मे फोन वाचतील.

हिशोब मांडून पाहा

आता कुरिअरचा एक खाचखळगा. बहुतेक कुरिअरवाले वजन दोन तऱ्हेने धरतात. एक काट्यावरचे. दुसरे खोक्याच्या आकाराचे, म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि पाच हजाराने भागायचे. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. दोन डझन आंबा, फळ अडीचशे ग्रॅमचे, म्हणजे माल सहा किलो. खोके चाळीस बाय तीस बाय तीस. गुणाकार छत्तीस हजार, भागिले पाच हजार, म्हणजे ७.२ किलो. वर गोळाबेरीज करून आठ किलोचे पैसे द्यावे लागतील. म्हणून खोके चार बोटांनी लहान करता आले तर पाहा. त्यात खरी बचत आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक बिल मांडू. दर तुमच्या गावाप्रमाणे बदला. दोन डझन, डझनाला ९०० रुपये, म्हणजे १,८०० रुपये. खोके आणि पेंढा ८० रुपये. पोचवणे आठ किलो, किलोला ३५ प्रमाणे २८० रुपये. एकूण २,१६०. हे पैसे 'पेमेंट गेटवे'तून आले आणि त्याने शंभराला दोन रुपये घेतले, वर त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, तर साधारण ५१ रुपये कापले जातील. हातात राहिले २,१०९. त्यातून कुरिअर आणि खोके वजा करा, उरले १,७४९. आता पन्नास पेट्यांत दोन पेट्या खराब पोचल्या आणि त्यांचे पैसे परत केले असे धरा. तो बोजा पेटीमागे ८६ रुपयांचा. म्हणजे खरे उत्पन्न १,६६३, डझनाला साधारण ८३१ रुपये.

९०० चा भाव सांगितला आणि ८३१ हातात आले. यात तुमचा फोनवरचा वेळ आणि पेट्या भरणाऱ्यांची मजुरी अजून धरलेली नाही. हा आकडा पट्टीच्या निव्वळ रकमेशी लावून पाहा आणि मगच ठरवा. शेजारी करतोय म्हणून करू नका.

पैसे घेण्याच्या वाटा

सगळ्यात सोपी वाट म्हणजे क्यूआर कोड. गिऱ्हाईक पैसे पाठवते, आपल्याला निरोप येतो. पण कोणत्या ऑर्डरचे पैसे कोणते, हे हाताने जुळवावे लागते. थोड्या पेट्यांना चालेल.

पेट्या वाढल्या की पेमेंट गेटवे लागतो. हा मधला मुनीम समजा. तो यूपीआय, कार्ड, बँक सगळीकडून पैसे घेतो, ऑर्डर क्रमांकाशी जुळवतो आणि दोन-तीन कामाच्या दिवसांनी आपल्या खात्यात टाकतो. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि व्यवसायाचा पुरावा मागतात. 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. शिवाय वेबसाइटवर पत्ता, अटी, पैसे परत करण्याचे धोरण आणि गिऱ्हाईकाची माहिती कशी सांभाळणार हे लिहिलेले असावे लागते. त्याशिवाय गेटवे चालू होत नाही. यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून बँकेचे शुल्क घेऊ नये असा नियम जानेवारी २०२० पासून झाला. तरी गेटवे कंपनी आपल्या सेवेचे वेगळे आकारू शकते, ते आधी लेखी विचारून घ्या.

'माल हातात पडल्यावर पैसे' ही रीत आपल्या जुन्या व्ही. पी. पार्सलसारखीच. पुस्तकाला ती ठीक, आंब्याला धोक्याची. माणूस घरी नसला आणि पेटी परत आली तर ती तुमच्या दारात येईपर्यंत रस झालेला असतो. म्हणून आंब्याला पूर्ण पैसे आधी, किंवा फार तर निम्मे आधी.

कधी कधी गिऱ्हाईकाच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि आपल्याकडे ऑर्डर दिसत नाही. मध्येच रेंज गेली की असे होते. घाबरू नका आणि गिऱ्हाईकाला खोटेही ठरवू नका. रोज रात्री गेटवेचा हिशोब, बँकेचा हिशोब आणि ऑर्डरची यादी समोरासमोर ठेवून टिकमार्क करा. वहीची ही जुनी सवय इथेही सोडायची नाही.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. "मोठी ऑर्डर आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त पिन टाका" असे कोणी म्हणाला तर तो चोर समजा. पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. खात्यावर जमा दिसले तरच पेटी सोडा. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

कोणते साधन घ्यावे?

पहिली पायरी फुकटातली. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी आणि गुगल फॉर्मवर वर सांगितलेले प्रश्न. भरलेली माहिती आपोआप तक्त्यात उतरते. पहिल्या हंगामाला एवढे पुरते.

दुसरी पायरी तयार दुकानाची. शॉपिफायसारख्या सेवेला दर महिन्याचे भाडे असते, पण देखभाल तेच बघतात. वूकॉमर्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मात्र जागेचे भाडे, वार्षिक नावनोंदणी आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस हा खर्च आपला. दोन्हींत वजनगट, डझन, तयारी, भेटीची चिठ्ठी असे आपले रकाने बसवता येतात. हंगाम चार महिन्यांचा असेल तर उरलेले आठ महिने भाडे भरायचे का, हेही आधीच विचारा.

तिसरी पायरी एकत्र येण्याची. उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेमार्फत एकच दुकान, एकच प्रतवारी, एकच गाडी. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या जाळ्यावरही उत्पादक कंपन्यांना माल लावता येतो. एकट्याची पन्नास पेट्यांची गाडी परवडत नाही, दहा जणांची पाचशेची परवडते.

वेबसाइट कोणाकडूनही करून घ्या, पण तिचे नाव तुमच्याच नावावर नोंदलेले पाहिजे आणि चाव्या, म्हणजे पासवर्ड, तुमच्याच हातात पाहिजेत. करून देणाऱ्याशी उद्या बिनसले तर ऐन मार्चमध्ये दुकानाला कुलूप लागेल. बागेचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का? मग हे का ठेवायचे?

तक्रार आली तर

साका बाहेरून दिसत नाही, हे आपल्याला माहीत आहे. शहरातल्या गिऱ्हाईकाला माहीत नाही. त्याला वाटते, आपण फसवले. म्हणून ऑर्डरच्या पानावरच साध्या भाषेत लिहा : फळात साका निघू शकतो, पेटी मिळाल्यापासून अमुक दिवसांत फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत देऊ किंवा पुढच्या पेटीत भरून देऊ. वाटेत चेंगरलेल्या पेटीचा फोटो त्याच दिवशी मागा, कारण कुरिअरवाल्याकडे तुम्हालाही तो दाखवावा लागतो.

२०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. घरातले एक माणूस या कामाला नेमा आणि त्याचे नाव व नंबर पानावर द्या. बागेत फिरणाऱ्याने हे काम घेऊ नये, त्याला रेंजही नसते आणि सवडही.

गिऱ्हाईकांचे नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नका, विकू तर नकाच. त्यांनी ते आंब्यासाठी दिलेत.

कागदपत्रांचे काय?

स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकण्यापुरती शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. पण दुसऱ्याचा माल घेऊन विकू लागलात, किंवा आमरस, आंबापोळी, कोकम आगळ असा तयार माल ठेवलात, तर हिशोब बदलतो. तेव्हा सनदी लेखापालाला विचारा. तयार खाद्यपदार्थाला अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतोच. त्याच्या बाटलीवर आणि वेबसाइटवरही निव्वळ वजन, किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क हवा.

'हापूस' या निर्देशांकाचा अधिकृत वापर करायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. परप्रांतातला आंबा आपल्या नावाने खपतो अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण आपलीच नोंदणी नसेल तर बोट कोणाकडे दाखवणार?

पंचायतीला काय करता येईल?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्यासाठी चार शब्द. पंचायतीकडे संगणक आहे, आपले सरकार सेवा केंद्र आहे. पॅन, उद्यम, अन्न सुरक्षा नोंदणी हे अर्ज हंगामाआधी एक दिवस लावून गावातच भरून घेता येतील. सातबारावर आंब्याची नोंद नीट नसली की पुढे अडते, ती ई-पीक पाहणीत वेळेवर होईल हे पाहता येईल. कुरिअरची गाडी वाडी-वाडीत फिरत नाही, पण पंचायतीसमोर एक सावलीची जागा ठरवली, वेळ ठरवली, तर सगळ्यांच्या पेट्या तिथून उचलायला ती तयार होऊ शकते. पेट्यांवर चिठ्ठ्या लावणे, निरोप पाठवणे, फोन घेणे हे काम बचत गटाच्या महिलांना पेटीमागे ठरावीक मोबदल्याने देता येईल. ही कामे बाहेरच्या कोणाला देण्यापेक्षा पैसा गावात राहील.

केव्हा सुरुवात करावी?

मार्चमध्ये हे काम काढू नका, तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते. दिवाळी झाली की कागद आणि नोंदण्या. मोहोर दिसू लागला की ऑर्डरचे पान तयार. जानेवारीत चाचणी. मुंबई-पुण्याच्या दहा नातेवाइकांना सांगा, की प्रत्येकी एक रुपयाची खोटी ऑर्डर टाका. त्यांतल्या म्हाताऱ्या आत्याला जिथे अडखळायला होईल तिथे पान दुरुस्त करा. एक ऑर्डर मुद्दाम रद्द करून पैसे परत जातात का, तेही पाहा. मग नोंदणी उघडा.

हंगाम संपला, आगोटीची कामे सुरू झाली, की एक दिवस बसून ती यादी पुन्हा काढा. कोणी किती मागवले, कोणाची तक्रार होती, कोणत्या भागात कुरिअरने दगा दिला. तक्रार असलेल्यांना आधी फोन करा. पुढच्या वर्षी मोहोर आला की याच माणसांना पहिला निरोप जाईल. पूर्वी पट्टीवर फक्त आकडे यायचे. आता तुमच्या वहीत माणसांची नावे आहेत. ती नीट जपा.